एडविनने आणलेलं डुक्कर

३ जून
मत्स्यमंत्रीपद गेलं. पंतप्रधान एडविन लोसाकने तोंडाने सांगितलंही नाही. ड्रायव्हर पाठवून झेंड्याच्या गाडीची किल्ली तेवढी मागवली. मी राजधानी पोर्ट विलाच्या धक्क्यावर नव्या शीतगृहाची फीत कापायला निघालो होतो. परत आलो माझ्याच मालकीच्या मिनीबसने. तिचा ड्रायव्हर नवा. त्याने भाडं मागितलं. दिलं.
निश्चय: एडविनला खुर्चीवरून ओढणार. खोबऱ्याची पोती वाहून मी वर आलोय. ओझं कुठे आपटायचं ते मला कळतं.

५ जून
अविश्वास ठराव तयार. भाषा कडक, मीच लिहिली. सह्या भराभर मिळतायत. मत्स्यखातं तिघांना कबूल केलंय. समुद्र मोठा आहे.
म्युरिएल म्हणाली, "अहो, आधीच दर वर्षी नवं सरकार. शाळेतल्या पोरांना पंतप्रधानाचं नाव पाठ होत नाही." मी म्हटलं, आपली लोकशाही तरुण आहे, तरुणपणी अंग हलतं ठेवावं. ती हसली नाही. पण माझ्यासाठी लाल चटई विणतेय. आमच्या पेंटेकॉस्ट बेटाची, कमरेला गुंडाळायची, काठावर माझ्या आजोळची नक्षी. शपथविधीला नेसणार. एडविनला पहिल्या रांगेत बसवून दाखवणार.

८ जून
कॅम्प सुरू. सह्या केलेले सगळे खासदार किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात कोंडलेत. फोन काढून घेतले, फाटकावर मेव्हणा उभा केला. आता एकही फुटणार नाही. म्हातारे जिमी बोए तेवढे रोज पोहायला जातात आणि कोरडेच परत येतात. तब्येत नाजूक असेल.

१० जून, दुपार
विजय. म्युरिएलचा फोन: एडविन घरी आला होता. सोबत चीफ तारी, म्हणजे माझा सख्खा मामा. त्याला खास बेटावरून विमानाने आणलेला. आणि वाकड्या सुळ्यांचं डुक्कर. एडविन मान खाली घालून म्हणाला म्हणे, "वहिनी, किल्ली मागवली ते चुकलंच माझं."
घाबरला. डुक्कर कॅम्पवर पाठव म्हटलं. शत्रूच्या मांसाने फौज पोसायची.

१० जून, संध्याकाळ
तापल्या दगडांवर भाजलं. सगळे तुटून पडले. जिमींनी बोटं चाटून झाल्यावर विचारलं, "हिल्टन, समेटाचं डुक्कर खाल्लं की भांडण मिटतं ना रे?" खाण्याआधी नाही विचारलं.
मी समजावलं. ते गावात, संसदेत नाही. शिवाय उलट भेट दिल्याखेरीज समेट पुरा होत नाही, आणि मी त्याला नखाएवढंही काही दिलेलं नाही. मी स्वतः तर फक्त फासळ्या खाल्ल्या. एकाच बाजूच्या.

१२ जून, दुपार
सभागृह. एडविन आला. सुटावर कमरेला लाल चटई. काठ ओळखीचा वाटला.
मी ठराव मांडला, आवाज छान लागला. सभापती म्हणाले, बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. जिमी हातांवर बसले होते. बाकीचे छताकडे बघत होते. वर प्रेक्षकांत मामा. काडीने दात कोरत माझ्याकडे बघत होता.
माझा हात अर्धा वर गेला. चिटणीसाने विचारलं, "माननीय सदस्य, हे मत समजायचं का?"
म्हटलं, नाही, खाज.
ठरावाच्या बाजूने शून्य.

१२ जून, संध्याकाळ
म्युरिएलला चटईचा जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "दारी आलेल्यांना रिकाम्या हातांनी पाठवू? तेही मामांसमोर? आणि तुमच्या शपथविधीपर्यंत ठेवली असती, तर कसर लागली असती चटईला."
मामा जेवायला होता. म्हणाला, "काठ सुरेख उतरलाय, भाच्या. एडविनला जरा आखूड पडते, पण शोभते."
निश्चय: पुढच्या अधिवेशनात एडविनला सोडणार नाही. उद्या मात्र त्याच्याकडे जेवण आहे. मामा म्हणतो, चटई बायकोकडून गेली, आता तुझ्याकडूनही एक डुक्कर जायला हवं. झेंड्याची गाडी नाही, तेव्हा मिनीबस सांगितली. ड्रायव्हरला बजावलं, उद्या भाडं मागायचं नाही.
त्याने विचारलं, "डुकराचं की तुमचं?"