वकिलांच्या मुलांसाठी जिन्याखालची खोली मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
न्यायालय इमारत (जिथे माझी अम्मी वकिली करते ती)

विषय: जिन्याखालची मोडक्या खुर्च्यांची खोली वकिलांच्या लहान मुलांसाठी देणेबाबत.
संदर्भ: गेल्या मंगळवारी आपल्या आवारात झालेला प्रकार.

महोदय,

सुनावणी चालू असताना वकीलबाईंच्या बाळाला शू लागली तर आधी परवानगी कुणाची घ्यायची, न्यायाधीश साहेबांची की बाळाची? हा प्रश्न अर्जात लिहूनच दाखव, असं आव्हान अनुजा आणि वर्गातल्या इतर मैत्रिणींनी मला दिलं होतं. लिहिला. पण प्रश्न खराच आहे, कारण मंगळवारचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

१. मी दहावीत शिकते. माझा भाऊ मोहसीन पाच वर्षांचा आणि बहीण कुलसुम दोन वर्षांची आहे. दोघांना सांभाळणाऱ्या शालूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मलकापूरला गेल्या आहेत. मंगळवारी अम्मीचे कुरुंदवाडचे पक्षकार हंबीरराव यांची बांधाच्या दाव्यात साक्ष होती. मी शाळेत, अब्बा दुकानात. सबब अम्मीने दोन्ही मुलं कोर्टात नेली.

२. कुलसुमला शू लागली म्हणून अम्मी तिला घेऊन गेली आणि मोहसीनला बाकावर बसवलं. मोहसीन घरी रोज कोर्ट-कोर्ट खेळतो. त्याने दाराशी उभं राहून खणखणीत पुकारा केला, "हंबीरराव हाजीर हो." खाली चहा पीत असलेले हंबीरराव बशी तशीच ठेवून धापा टाकत वर आले आणि काय झालं म्हणून विचारलं. मोहसीन म्हणाला, "पुढची तारीख." आमच्या घरी चॉकलेट मागितलं तरी हेच उत्तर मिळतं, त्यामुळे त्याला ते पाठ आहे. हंबीररावांना वाटलं, वकीलबाईंनीच पोराकरवी निरोप धाडला. नऊ वर्षं ते हेच ऐकत आलेत. पिशवी उचलून ते सरळ एसटीने घरी गेले.

३. खरा पुकारा झाला तेव्हा साक्षीदारच नाही. न्यायाधीश साहेबांनी नाराजीने तारीख दिली. अम्मीने फोनवर शंभरदा माफी मागितली, तर हंबीरराव म्हणाले, "पोरानं बराबर सांगिटलं की वो. तारीखच पडली न्हवं?" आम्ही हसून हसून लोळलो. अम्मी हसली नाही. तिने काळा कोट घडी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "पोरं मोठी होईतोवर बास आता."

४. महोदय, माझी अम्मी उलटतपासणी घेते तेव्हा समोरच्याला घाम फुटतो. असा माणूस घरी बसून भाजी निवडत बसला तर नुकसान कुणाचं? शिवाय अब्बांनी दुसरा उपाय काढला की मुबशिरा (म्हणजे मी) आता मोठी झाली, शाळा सुटल्यावर तीच मुलांना बघेल. मी शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. याच महिन्यात निवड झाली. मी चेंडू अडवायचा की कुलसुमला, हे कुणीच विचारलं नाही.

५. आपल्या जिन्याखालच्या खोलीत फक्त मोडक्या खुर्च्या आहेत. त्या हलवून एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि एक मावशी दिल्यास सर्वच वकिलांची, पक्षकारांची आणि (विचार करा साहेब) आपल्या कर्मचाऱ्यांचीही मुलं तिथे राहतील. खुर्च्या हलवायला आमचा अख्खा संघ रविवारी फुकट येईल. गोलकीपरच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

तरी विनंतीचा विचार लवकर व्हावा.

आपल्या उत्तराची वाट बघणारी,
मुबशिरा तोहिद शिकलगार
कोल्हापूर, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत: मोहसीनने काढलेलं खोलीचं चित्र. (त्यातली घसरगुंडी ही आमची मागणी नाही.)

प्रत माहितीसाठी व अंमलबजावणीसाठी:
ॲड. सबिना शिकलगार (अम्मी) आणि श्री. तोहिद शिकलगार (अब्बा) यांना.

आपणांस कळविण्यात येते की मी फुटबॉल सोडणार नाही आणि अम्मीने उद्या सकाळी कोट घालून कामावर जावं. खोली मिळेपर्यंत किंवा शालूबाई परत येईपर्यंत मोहसीन आणि कुलसुम दुपारी उद्यमनगरात अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात राहतील. तिथे मागच्या खोलीत अब्बा रोज जेवून ज्या पलंगावर झोपतात, तो मुलांसाठी रिकामा करावा. संध्याकाळी सराव संपल्यावर दोघांना घरी मी आणीन. निर्णय झालेला आहे.