अब्बांचा क्लॅरनेट

अब्बा,

तुमचा क्लॅरनेट घेऊन मी वेळापूरच्या लग्नाला चाललोय. वळसंगच्या वरातीत तुमचा सूर फाटला, लोक हसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चावीखालची गादी खराब झालीय, हवा सुटती."

म्हणून सकाळी त्याचे तुकडे वेगळे केले. भोकं बोटांनी दाबून, खालचं तोंड तळव्यानं बंद करून फुंकलं. हवा कुठूनच निघाली नाही. एकेका गादीखाली सिगारेटचा कागद धरून ओढला, तोही घट्ट अडकला.

वाद्य ठणठणीत आहे. हवा सुटते ती लकव्यानं वाकड्या झालेल्या तुमच्या ओठातनं. अख्ख्या बँडला ठाऊक आहे, तोंडावर कुणी बोलत नाही.

आजपासून मीच वाजवणार. मागून बस धरून येऊ नका. भाकरी झाकून ठेवलीय. तुमचा बँडचा लाल कोट शिंप्याकडं टाकलाय, मला खांद्यात लई ढगळ होत होता.

सलमान