डिटेक्टिव्ह शौनकने वाऱ्यावर सोडलेल्यांची सोय

लिहून ठेवणार सरलाबाई राघो बडगुजर, वय चौसष्ट, धंदा साड्यांचे धागे कापणे व बायकांना पुस्तकं वाचून दाखवणे, मूळ गाव बेटावद, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम लिंबायत, सुरत. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने, म्हणजे माझा मुलगा कुंदन याने, आधी स्वतःचं तपासून घ्यावं. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारा गेल्या महिन्यात दलालाला घेऊन आला होता; त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही, यावरून खात्री पटावी. छातीत दुखतं. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही, आणि फी आधी घेतात. मी काय समजायचं ते समजले.

कलम १. लिंबायतची ही दीड खोली, पत्रे, मोरी आणि ओट्यासह, माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमानांची मिल बंद पडली तेव्हा हातात आलेले पैसे आणि माझी धाग्यांची कमाई मिळून ती घेतली. खरेदीखतावर नाव माझं घालायचं, हे यजमानांनीच ठरवलं. त्यांना आपल्या मुलाची पारख होती. जन्मभरात त्यांनी एवढा एकच तपास लावला, पण पक्का लावला. ही खोली माझ्यामागे माझी सून रंजना हिची. कुंदनचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही.

कारण द्यायची गरज नाही असं वकील मगनभाई म्हणाले. गरज नसेल, मला हौस आहे.

चौऱ्याण्णव साली प्लेगची आवई उठली आणि सुरतेतून माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. कुंदन एका ट्रकवर चढला. "जागा बघतो आणि तुम्हा दोघींना न्यायला येतो," म्हणाला. प्लेग गेला, माणसं परत आली, गटारं धुतली गेली, शहर ओळखू येईना इतकं स्वच्छ झालं. कुंदन अजून जागाच बघतो आहे. बारडोलीला एका बाईच्या घरात त्याला ती बरीचशी सापडली, असं कानावर आलं. आता त्याला ही खोली विकायची आहे, आणि रंजनाने नंदुरबारला भावाकडे जावं असा साहेबांचा हुकूम आहे. भावाकडे म्हशी आहेत आणि भावजयीची कंबर दुखते. रंजनाचं तिथे काय होईल हे शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

कलम २. डिटेक्टिव्ह शौनकची पुस्तकं. यजमान ती उधन्याच्या रद्दीवाल्याकडून आणायचे. मी सातवी पास, गल्लीत वाचता येणारी त्या काळी मी एकटीच. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, आठ-दहा बायका माझ्या खोलीत पंख्याखाली बसून मागचे लोंबते धागे कापायच्या, आणि मी वाचायचे. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण शौनक शुद्ध मराठीत खून उलगडायचा. बायकांना त्याचंच फार कौतुक.

शौनक म्हणजे उंच, गोरा, सिगारेट ओढणारा, सगळं आधीच ठाऊक असणारा गृहस्थ. खुनी सापडला की हा सिगारेट पेटवणार आणि पुस्तक संपणार. बाकीची माणसं तिथेच पडलेली. पहिल्याच पुस्तकात नामू नावाच्या आचाऱ्यावर खिरीत विष घातल्याचा आळ येतो. पोलीस त्याला कोठडीत घालून सोलून काढतात. मग विष घालणारा दुसराच निघतो. नामूला साधं "चुकलं बाबा" म्हणायला शौनकला वेळ नाही, कारण त्याला सिगारेट पेटवायची आहे.

मी पुस्तक मिटलं, तर शेजारची सुभद्राबाई कात्री थांबवून म्हणाली, "आनि नामूनं काय व्हयनं?"

तिला मी काय सांगणार, की लेखक विसरला? मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि त्याच वाचायच्या आवाजात सांगितलं की नामूने कामरेजला, हायवेच्या कडेला, खानावळ काढली. ट्रकवाले रांग लावतात. मध्ये एकदा पानही उलटलं. बायका खूश. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला शेवटी माझी शेपटी असायची, आणि ती छापलेलीच आहे असा सगळ्यांचा समज होता.

समज इतका पक्का की सुभद्राबाई बहिणीकडे जाताना मुद्दाम कामरेजला उतरली. नामूच्या खानावळीत जेवायला. ती आल्यावर मी तोंड लपवायला जागा शोधत होते. बाई बसली, गठ्ठा ओढला आणि म्हणाली, "जेवन भारी व्हतं. नामूनी पैसाबी लिधा नही." मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी धागे कापायला घेतले. कोणी कोणाला फसवलं याचा पंचनामा मी आजवर केलेला नाही.

तर ही सगळी पुस्तकं गल्लीतल्या लीलाला. ती आता माझ्यापेक्षा बरी वाचते. अट एकच: पुस्तक संपलं की कोणालाही रस्त्यावर ठेवून उठायचं नाही.

कलम ३. पुस्तकातल्या माणसांना मी तोंडी जे जे दिलं ते इथे कागदावर देते. नामूला कामरेजची खानावळ कायमची, पाठीमागच्या विहिरीसह. दर पुस्तकात पहिल्याच प्रकरणात डोक्यात दांडका खाणाऱ्या रखवालदाराला दिवसपाळी, पेन्शन आणि शाबूत डोकं. शौनक जिचा हात हातात घेऊन "मी परत येईन" म्हणाला आणि पुढच्या पुस्तकात जिचं नावही विसरला, त्या टायपिस्ट मुलीला बँकेत नोकरी आणि संध्याकाळी वेळेवर घरी येणारा नवरा. शौनकला काही नाही. त्याच्याकडे सिगारेटी आहेत.

इथे मगनभाईंनी पेन खाली ठेवलं. "बा, जे माणस छे ज नहि, एने मिलकत केम अपाय?" नसलेल्या माणसाला इस्टेट कशी द्यायची म्हणे! मी म्हटलं, "भाई, आहे तो मुलगा काय कामाला आला? नसलेल्यांनी मला कधी दलाल दाखवला नाही." मगनभाईंनी पेन पुन्हा उचललं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं की त्या टायपिस्टला मुलंबाळं झाली का. एक मुलगी, असं मी त्यांना कळवलं आहे.

कलम ४. माझी मोठी कात्री सुभद्राबाईला. पोस्टातले पैसे माझ्या क्रियाकर्माला. उरतील त्यांतून विजेचं बिल भरावं. तेराव्याला जिलबी नको, कुंदनला आवडते. कुंदनला त्याच्या वडिलांची छत्री. पुढच्या वेळी पळताना भिजायला नको.

कलम ५. एका पुस्तकात खुनी बेड्या घालून निघतो तेव्हा त्याची बायको किंकाळी फोडून खाली कोसळते. लेखकाने तिला नावही दिलेलं नाही. कुंदन गेल्याच्या पुढच्या वर्षी मी ते वाचलं. शेपटी जोडली ती अशी की नवरा तुरुंगात सुधारला, सुटला, पांढरे कपडे घालून दारात उभा राहिला, आणि तिने त्याला भाकरी वाढली. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. रंजना मान खाली घालून धागे कापत राहिली.

सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "आई, तो नहीच उना, तर तिनं भलं व्हणार नही का?"

तो आलाच नाही तर तिचं भलं होणारच नाही का, म्हणे! मला राग आला. मी सासू आहे, तो अधिकार काही मी सोडलेला नाही. शिवाय त्या पांढऱ्या कपड्यांत मला कोण दिसत होतं हे पोरीने बरोबर ओळखलं होतं. आईचं काळीज मेलं फार मठ्ठ असतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने तरी माझा चहा रोज वेळेवर दिला, साखर जरा कमी घालून.

कलम ६. रंजनाचं पुढे काय. हे कलम मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं की कुंदन सुधारून परत आला तर दोघांनी इथे सुखाने राहावं. ते मीच फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं की रंजना ओट्यावर फॉल-पिकोचं दुकान काढते, दुकान चालतं, मग एक चांगला, निर्व्यसनी माणूस भेटतो, वगैरे. झकास जमलं होतं. आज सह्यांसाठी साक्षीदार जमले तेव्हा मी तेच वाचून दाखवलं. सुभद्राबाई पदराने नाक पुसत होती, मगनभाईसुद्धा मान डोलावत होते.

रंजना चहा गाळत होती. तिने पातेलं खाली ठेवलं आणि आत आली.

"आई, खोली दिधी ती मी लेस. पुढलं लिखू नका. पुढलं मनं मी देखी लिसू."

खोली घेते, पण पुढचं माझं मी बघेन. माझ्याच घरात, वकिलासमोर! नामूने, रखवालदाराने, त्या किंकाळीवाल्या बिननावाच्या बायकोनेसुद्धा, यांतल्या एकानेही मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मी रागाने तिच्याकडे बघितलं. ती उभीच राहिली, मान वर करून. आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की मी रडले, सगळ्यांदेखत, आणि त्याची लाज वाटली नाही. ही पोर नंदुरबारला म्हशींखाली जायची नाही. कुंदन दारात आला तरी त्याला आत घ्यायचं की नाही हे तीच ठरवील.

तेव्हा मी तो मजकूर काढून टाकला. मगनभाई म्हणाले, कागदावर कोरी जागा सोडता येत नाही, मागून कोणीही काहीही घुसडतं. तिरपी रेघ मारा. मी म्हटलं, रेघ मारायची नाही. जागेच्या वर माझी सही घ्या, खाली माझी सही घ्या. मधली जागा रंजनाची. तिथे कुंदनने, भावाने, दलालाने, वकिलाने आणि मी मेल्यावर माझ्या नावाने कोणीही काही लिहू नये.

(सही) सरलाबाई राघो बडगुजर




(सही) सरलाबाई राघो बडगुजर

ठिकाण: लिंबायत, सुरत
तारीख: ८ फेब्रुवारी १९९७

साक्षीदार:
१. सुभद्राबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा
२. लीला, त्याच गल्लीत राहणार, सही

सरलाबाईंनी आमच्यासमोर सह्या केल्या आणि आम्ही त्यांच्यासमोर. त्या वेळी त्या शुद्धीवर होत्या, आणि दोन सह्यांमधली जागा कोरी होती, हे आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं आहे.