सोड गिऱ्या, माझा आहे

तंजावर,
बुधवार, १० ऑगस्ट १९९४

प्रिय रघुपतीभावजी यांस,

कमलाक्षीचा आशीर्वाद. इकडे आम्ही तिघं बरी आहोत. जाऊबाई हरिणीच्या गुडघ्यांना आराम पडला असावा.

पोरं लहान होती तेव्हाच्या त्या सकाळी मी सडा घालून दारात कोलम काढला होता, चुलीवर इडल्या चढवल्या होत्या आणि मागच्या अंगणात विहिरीजवळच्या दगडावर पोरांचे मोजे आपटत होते. मोज्यांतून इतकी माती निघाली की तिच्यात मिरचीचं रोप लागलं असतं. तुमचे दादा पायरीवर बसून चेंडूला खोबरेल चोळत होते. मी म्हटलं, डोक्याला लावायला उरू दे थोडं. तर म्हणाले, डोक्यापेक्षा याला जास्त मार बसतो. सुट्टीत तुमचा मुरली आला होता. माझा गिरीश आणि तो, दोघांची उंची तेव्हा विहिरीच्या कठड्याएवढी. शेवग्याचं झाड आणि विहीर यांच्यामधला गोल. दादा त्यात उभे राहायचे आणि चेंडू उंच आला की मागून ओरडायचे, "सोड गिऱ्या, माझा आहे." गिरीश पाय मागे घ्यायचा, दादा चेंडू झेलायचे. त्या दिवशी पहिलाच चेंडू माझ्या वाळत घातलेल्या वडमांवर पडला आणि मी पळीच घेऊन धावले. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होता. तुम्ही हसलात ते मला आठवतं.

का आठवलं ते पुढे येईलच. आधी तुम्हाला हवी ती बातमी देते. मुरली पोटभर जेवतो, वेळेवर झोपतो. तो माझ्याकडे असल्याचा निरोप मी रविवारी मॅच संपल्यावरच तुमच्या संघाच्या कप्तानाबरोबर, गणेशकुमारबरोबर पाठवला होता, तो पोचला असेल. पण मी कितीही सांगितलं तरी तो घरी यायला तयार नाही. म्हणतो, "अप्पा मला घरात घेणार नाहीत, काकू. संघ त्यांनी उभा केला आणि मी कप घालवला." मी म्हटलं, तुझे अप्पा तसे नाहीत. तर म्हणाला, "तुम्ही तीन वर्षांत त्यांच्याशी बोललात कुठे?" म्हणून लिहायला बसले.

फोन करता आला असता. आमच्या कोपऱ्यावरही आता एसटीडीचं दुकान झालं आहे. पण तिथे काच असली तरी दुकानदाराला सगळं ऐकू जातं, आणि तुमचा फोन दुकानात, गल्ल्यापाशी. तमिळमध्ये लिहिलं असतं तर दोन्ही पोरांनी वाचलं असतं. ही मराठी अक्षरं त्यांना येत नाहीत. मलाही कुठे येत होती? दादांच्या पेटीतली जुनी मासिकं एकेक अक्षर लावत वाचली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, वहिनी पंडित होणार. पंडित झाले नाही, पण मनातलं लिहिता येतं तेवढं शिकले.

दादांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही म्हणालात की गिरीशला पापनाशमला पाठवा, मी वाढवतो. मी चार माणसांत म्हटलं, माझं घर मी चालवीन. ते आजही म्हणेन. त्यात तुमचा अपमान नव्हता. तुम्ही त्यानंतर आला नाहीत, मीही बोलावलं नाही. ते तिथेच ठेवू.

आता रविवारच्या कपाच्या मॅचचं. तुम्ही मध्येच निघून गेलात, तेव्हा पुढचं तुम्हाला कोणी सरळ सांगितलं नसेल. ज्याने त्याने आपलं तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार.

मी मैदानावर जाणार नव्हते. दादा गेल्यापासून तो रस्ताच सोडला होता, बाजाराला लांबून जायचे. भुवना म्हणाली, "अम्मा, आपलाच भाऊ आणि आपलाच भाऊ, दोन बाजूंना. आणि आपण घरात बसून काय वाल सोलायचे?" म्हणून गेले. कडुनिंबाखाली बायका आम्ही दोघीच. एक शेंगदाणेवाला आमच्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, कोविल त्या बाजूला आहे." भुवना म्हणाली, "देव आज इकडे आलाय, तू दाणे दे." तुम्ही समोरच्या बाजूला खुर्चीवर होता. केस बरेच पिकले तुमचे.

खेळ चांगला झाला. मला सगळं कळतं असं नाही, पण इतकी वर्षं मोजे धुतले त्याअर्थी थोडं कळतं. मुरली तुमचा फॉरवर्ड, गिरीश आमचा बॅक, त्यामुळे सारखे एकमेकांच्या अंगावर. एकदा दोघेही चिखलात पडले आणि उठताना एकमेकांच्या शर्टाला हात पुसले. मला हसू आलं.

मग उत्तरार्धात तो चेंडू आला. उंच, सावकाश. गिरीश त्याच्याखाली उभा, नुसतं डोकं लावायचं होतं. मागून हाक आली, "सोड गिऱ्या, माझा आहे." गिरीशने मान खाली घेतली. मागून मुरली पुढे आला आणि त्याने गोल केला.

तुमची माणसं नाचू लागली. आमचा गोलकीपर अंतोणी गिरीशच्या अंगावर धावून आला, "का सोडलास, मी कुठे ओरडलो?" आणि खरंच, अंतोणीला मराठीचं एक अक्षर येत नाही. रेफरी वैद्यनाथ सारांनी हात मध्याकडे करून गोल दिला. त्यांच्या कानाला तो नुसता आरडाओरडा. साऱ्या मैदानात ते शब्द कळणारी माणसं आपणच, आपल्या घरची.

चेंडू मध्यावर ठेवला होता, शिट्टी व्हायची होती. तेवढ्यात मुरली रेफरीकडे गेला. गणेशकुमारने त्याचा शर्ट मागून ओढला, पण तो गेला.

"सार, गोल देऊ नका. मी त्याला फसवून हाक मारली."

"कुठली हाक?"

"आमच्या भाषेत. सोड म्हणालो."

गणेशकुमार मध्ये पडला. "सार, याला ऊन लागलंय. त्या शब्दाचा काही अर्थ नाही. हा नेहमीच असा ओरडतो, घरी मांजरालासुद्धा."

लोक हसले. वैद्यनाथ सारही जरा हसले, पण माणूस काटेकोर. ते तुमच्यापाशी आले. "सार, तुमचीच भाषा. काय अर्थ?" तुम्ही खुर्चीवरून आधीच उठला होता. "मला ऐकू आलं नाही" म्हणालात आणि फाटकाकडे चालू लागलात. तुमच्या पोरांना वाटलं तुम्ही रागाने गेलात. मुरलीलाही तेच वाटलं, अजूनही तेच वाटतं.

मग ते माझ्याकडे आले. कोणीतरी ओरडलं, "ती पाच नंबरची आई, ती काय सांगणार?" बरोबरच होतं ते. मी म्हटलं, "सार, मी त्या मुलाची आई आहे ज्याच्यावर गोल झाला. माझं का ऐकता? ज्याने हाक मारली त्याचं ऐका." मुरली मागे उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, "माझं कोणी ऐकत नाही, काकू. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. सोड, माझा आहे, एवढाच अर्थ. आपल्याच खेळाडूला म्हणायची हाक.

सारांनी गोल काढून टाकला, मुरलीला ताकीद दिली आणि आमच्या बाजूला फ्रीकिक दिली. ताकीद घेताना तो असा उभा होता जणू शाळेत बक्षीस घेतोय. गणेशकुमारने त्याच्या डोक्यात एक टपली मारली, चांगली जोरात, आणि म्हणाला, "खरं बोलून झालं असेल तर आता पळ." त्या कप्तानाचं मला फार कौतुक वाटलं. रागात होता, पण पुढे एकही धक्का नाही, एकही शिवी नाही, आणि पोरांनाही देऊ दिली नाही. शेवटी आमचा एक गोल झाला, तोही बघण्यासारखा नव्हता, कोणाच्या तरी पोटऱ्यांना लागून गेला. तुमची पोरं रांगेत येऊन आमच्या पोरांशी हात मिळवून गेली. शेंगदाणेवाला म्हणाला, पुढच्या वर्षी लाइनमन नको, भाषेचा वाध्यार, म्हणजे मास्तर, आणा.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. मुरली संघाच्या व्हॅनने परत न जाता आमच्याबरोबर आला होता; दोघे विहिरीवर आंघोळ करत होते. गिरीश म्हणत होता, "तू कबूल केलंस म्हणून मी मूर्ख ठरलो. सगळे विचारतात, गोलकीपर अंतोणी, हाक मराठीत, तरी तू सोडलास कसा?" मुरली म्हणाला, "मग सांग की, कसा सोडलास." गिरीशने अख्खी बादली त्याच्या डोक्यावर ओतली. मग भुवनाने दोघांवर ओतली. मी आंबट भाजी केली होती, रात्रीपुरतीच नव्हे तर सकाळच्याही हिशेबाने, ती भांड्यासकट संपली. आमच्या घरात इतकी माणसं एकदम हसल्याला फार दिवस झाले होते.

जेवणानंतर मी मुरलीला विचारलं, मुद्दाम केलंस का. म्हणाला, "तोंडातून आपोआप आलं, काकू. पण गिरीश थांबला तेव्हा मला कळलं होतं. तेव्हा मी थांबलो नाही." लहानपणी त्याच सकाळी त्याने हेच केलं होतं, आठवतं? दादांनी चेंडू काखेत मारला आणि खेळ बंद केला. म्हणाले, हाकेवर विश्वास ठेवून माणूस पाय मागे घेतो, तसला गोल माझ्या अंगणात नको. मुरली इडल्या न खाता रुसून बसला होता. तुम्हीच समजूत काढलीत.

भावजी, इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा उगाच.

मुरलीचा आवाज फुटला आहे हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्याचा आवाज ऐकला नव्हता. रविवारी ती हाक आली ती दादांच्या आवाजात आली. तोच घसा, 'गिऱ्या'मधला तोच हेल. गिरीशने चेंडू सोडला तो अंतोणीसाठी नाही आणि मुरलीसाठीही नाही. मी त्याला विचारलं नाही, विचारणारही नाही.

त्या क्षणी सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं. मी उठून गोलाच्या तोंडाकडे बघितलं, तिथे कोण उभं आहे ते. आणि समोर तुम्ही खुर्चीवरून उठला होता आणि तुम्हीही तिकडेच बघत होता. गोल व्हायच्या आधी. मग आपली नजरानजर झाली. तेव्हा मला कळलं की तुम्हाला नीट ऐकू आलं आहे. वैद्यनाथ सारांना तुम्ही काय अर्थ सांगणार होता? तुम्ही गेलात ते बरं केलंत. मी तिथेच राहिले, कारण भुवनाने माझा हात धरला होता.

तुम्हाला काय वाटलं ते तुमचं तुम्हाला माहीत. माझं सांगते. त्यांचा चेहरा फोटोत आहे, कपडे पेटीत आहेत. आवाज मात्र माझ्याकडून हळूहळू सुटत चालला होता आणि हे मी कोणाला बोलले नव्हते. तो भर मैदानात, उन्हात, पुन्हा कानावर आला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला आनंद झाला, भावजी, निव्वळ आनंद. आता तो पोरगा न्हाणीतून टॉवेल मागतो तरी मी हातातलं काम सोडून ऐकत राहते. भुवना हसते मला. पण तो आवाज तुमच्या घरचा आहे, मी ठेवून घेणार नाही.

तुम्ही विचाराल, तुम्ही रागावलेले नाही हे मला कोणी सांगितलं. सांगते आणि पुरं करते. मॅचच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कोणाला न सांगता मी पापनाशमच्या बसमध्ये बसले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. तुम्ही दाराबाहेरच्या तिण्णैच्या कट्ट्यावर बसला होता, मांडीवर जुना टॉवेल, आणि मुरलीचे बूट, जे तो व्हॅनमध्येच टाकून आला होता, ते पुसत होता. एक पुसून झाला होता. दुसऱ्याच्या खाचेतली माती तुम्ही काडीने काढत होता. मी हाक मारली नाही. तुमचं काम अर्धं होतं. त्याच बसने परत आले, पोरांसाठी भात टाकला आणि जेवताना मुरलीला सांगितलं की तुझे बूट तयार होत आहेत.

तुमची,
शहाजीदादांच्या घरची,
कमलाक्षी वहिनी