फळ्यावर न लागलेलं नाव

सोकचो,
१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण सकाळी बंदरावर जाणं तिने सोडलेलं नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिकडे ब्यूनोस आयरीसला आता ऊन वाढलं असेल. इकडे वारा कोरडा आहे. दोरीवर टांगलेली माकुलं दुपारपर्यंत कडक होतात. यंदा समुद्रात मिळतातही कमी.

फोनवर तू विचारतोस, "तारीख लागली का?" आणि मी तुला हवामान सांगते. म्हणून लिहायला बसले आहे. हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले.

मागच्या महिन्यात सोलहून मंत्रालयातले एक गृहस्थ आले होते. चांगला कोट, बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले. म्हणाले, "आजी, उत्तर कोरियाशी पुन्हा बोलणी सुरू व्हायची चिन्हं आहेत. अशा वेळी त्यांच्यावर खटला म्हणजे जरा... थोडं थांबता आलं तर?"

आई मासा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबायचं मला शिकवतोस? तू जन्मायच्या आधीपासून मी तेच करतेय."

"तसं नव्हे आजी, दोन्ही सरकारं बोलत असताना..."

"बोलू देत की. मी मध्ये बोलतेय का?" मग तिने त्यांना जेवायला बसवलं. त्यांनी सूप दोनदा मागून घेतलं.

खटल्याचं कामकाज तुला ठाऊक आहेच. प्रतिवादी राज्याला समन्स पोचवायला पत्ता नाही, टपाल नाही, वकिलात नाही. म्हणून कोर्ट कागद आपल्या फळ्यावर लावतं. ठरलेली मुदत गेली की त्यांनी तो वाचला असं धरतात. वकील बांगबाईंनी हे समजावलं तेव्हा आई म्हणाली, "असं धरता येतं? मग मी ओट्यापाशी उभी राहून यांच्या बापाला हाक मारते. त्याने ऐकली असं धरा." बांगबाई हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

तुला हा निकाल किती हवा आहे, ते मी जाणते. बाबांची होडी उत्तरेवाल्यांनी ओढून नेली, आणि इथल्या पोलिसांनी लिहिलं, 'स्वखुशीने गेला असावा.' त्या एका ओळीमुळे, उत्तरेला गेलेल्याचा मुलगा म्हणून, तुला जहाजावर घेतलं नाही, कॉलेजात घेतलं नाही. शेवटी तू पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेलास. 'पळवून नेलं' एवढे शब्द न्यायाधीशांच्या तोंडून यावेत, बाकी काही नको, असं तूच म्हणाला होतास. मी विसरलेले नाही.

साक्षीदार मिळाली होती, दादा. हे तुला सांगितलं नव्हतं. गिल म्हणून एक बाई आहेत, उत्तरेतल्या हामहुंगहून निसटून आलेल्या. बाबांच्याच गल्लीत राहायच्या. बांगबाई त्यांना घेऊन घरी आल्या. होडी कशी ओढून नेली ते बाबांनी त्यांच्या नवऱ्याला सांगितलं होतं. बाबा तिथे जाळी विणायला शिकवायचे. मग दुष्काळाची वर्षं आली, त्यात बाबा गेले.

तुला माहीत आहे, आईने कधी बाबांचं श्राद्ध करू दिलं नाही. शेजारणी सांगायच्या, गेल्याची तिथी ठाऊक नसेल तर नवव्या महिन्याच्या नवमीला करतात. ती म्हणायची, जिवंत माणसाच्या भातात श्राद्धाचा चमचा उभा करू? आता तिने एवढंच विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तो उपाशी आहे?"

मला उठून जावंसं वाटलं. गिलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी पुढचं आधी फोनवर मला सांगितलं होतं आणि मी आईला सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. बाबांनी तिकडे पुन्हा घर केलं होतं. एक मुलगा आहे.

मी आईचे हात बघत होते. ती म्हणाली, "तो पोरगा ठेवायचा का बापाच्या पुढ्यात काही?"

"दर वर्षी, ताई. भात कुठला तेव्हा! मक्याची पेज. पण चांगल्या वाटीत. चमचा उभा राहायचा नाही, तर हाताने धरून बसायचा पोरगा."

आईने कोरडेच हात कपड्यांना पुसले आणि म्हणाली, "मग जेवला तो."

त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. पत्रं कोण उघडतं सांगता येत नाही. पण ते तुला पाठ आहे. शाळेपासून प्रत्येक वहीवर तू तेच लिहीत आलास. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "हाक मारायची सवय सुटली नसेल."

बांगबाई भल्या आहेत, काही लपवलं नाही. कायद्याने तोही बाबांचा वारस. गिलबाईंची साक्ष घेतली तर अर्जात त्याचं नाव घालावं लागणार आणि अर्ज फळ्यावर लागणार. साक्ष सोडली तर बाबांना पळवून नेलं हे सिद्ध करायला आपल्याकडे काही नाही.

"त्यांनी वाचला असं धरतात, म्हणालीस ना?" आईने विचारलं. "आणि या खेपेला खरंच वाचला तर?"

बांगबाईंनी फाइल मिटली.

खटला मागे घेतला, दादा. परवा. आईने अंगठा नाही, सही केली, सावकाश. मीही केली. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि तुझं नाही म्हणणं बरोबरच असतं. तुझ्या वाट्याची ती ओळ तशीच राहिली. ती पुसायची तर तिकडे एक माणूस पुसला जायचा, यातलं काही निवडणं मला अजूनही जमलेलं नाही. सही मात्र झाली आहे. झोप येत नाही.

काल त्या मंत्रालयवाल्यांनी नाशपातीची पेटी पाठवली. सोबत चिठ्ठी, समजूतदारपणाबद्दल आभार. आईने पेटी तशीच परत केली. "त्याला कळव," म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं."

तू रागव. फोन करून रागवलास तर जास्त बरं. मी हवामान सांगणार नाही.

तुझी धाकटी, आणि आता कुणाची तरी थोरली,
ह्वाजा