भुरीचा पंप

३ नोव्हेंबर

भुरी परत खोकली. पोट जमिनीला टेकवून, मान लांब काढून. आता काहीतरी ओकणार असं वाटतं — बाहेर काहीच पडत नाही. आई म्हणते, मांजरं अंग चाटतात, केस गिळलेत, गवत खाईल आणि बरी होईल. दिवाळीच्या आधीपासून गवतच खातेय बिचारी.

६ नोव्हेंबर

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दोनदा बघितला. "हे केसांचं नाही. फोटो काढू." एक्स-रेमध्ये श्वासनळ्यांच्या कडा जाड दिसतात म्हणे. मला नुसतं धुकं दिसलं. जंतांसाठी शी तपासायची, रक्त तपासायचं. एकदम कळत नाही, एकेक शक्यता काढून टाकत जायचं.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला?"

आई पटकन म्हणाली, "छे, कुणालाच नाही."

मी तेव्हा खोकला दाबून उभी होते. डोळ्यांत पाणी आलं.

७ नोव्हेंबर

बारावीपासून खोकतेय मी. जिना चढले की, हसले की, पहाटे तर रोजच. पण तपासायचं नाही! आई म्हणते, "एकदा दमा म्हणाले की स्थळं संपली, शुभे. आणि पंपाची सवय सुटत नाही." काढा पी.

११ नोव्हेंबर

जंत नाहीत. भुरीला दमाच आहे. औषध माणसांचंच, पुढे छोटा मास्क. मेडिकलमध्ये आई चारचौघांत मोठ्याने म्हणाली, "मांजरीसाठी हवाय हं पंप."

आता दोन्ही वेळा ती भुरीला मांडीवर घेते. मास्क लावते. "ओढ गं बाई, श्वास ओढ." मला मांजरीचा हेवा वाटतोय. हद्द झाली.

१६ नोव्हेंबर

ओझरचे पाहुणे मला बघून गेले. चहा देताना उबळ आली, थांबेचना. आई म्हणाली, "मांजराच्या केसांनी होतं तिला." मुलाची, म्हणजे ललितची, आई गोड हसली. "मग देऊन टाका की मांजर. आमच्याकडेही नाही चालायचं." बाबा लगेच हो म्हणाले.

मला बोलायला श्वास कुठे होता?

१८ नोव्हेंबर

मामा भुरीला त्याच्या गावी, सायखेड्याला घेऊन गेला. पंप दिला, मास्क दिला, कसा द्यायचा ते करून दाखवलं. संध्याकाळी मामी फोनवर हसत होती. "मांजराला कसला पंप? लय लाड बाई तुमचे. हितं उंदरं खाऊन ठीक व्हईल."

काहीच करता येत नाही मला.

२३ नोव्हेंबर

भुरी नाही. खोकला आहेच. पहाटे आईने दार उघडलं, तेव्हा मी कोपरं टेकून, मान पुढे काढून बसले होते. ती दारातच उभी राहिली.

२४ नोव्हेंबर

आईने उशीशी नवा पंप आणून ठेवला. म्हणाली, उद्या छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ, बाबांना नको सांगू.

दुकानात काय सांगितलंस, मी विचारलं.

"मांजरीसाठी म्हटलं."