जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम, आणि पाठमोरी ती

ता. ३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. (एवढं शिस्तीत लिहिलं. पुढच्या शिस्तीची हमी नाही.)

फोनवर मी ओरडतो म्हणून तू माझा फोन उचलणं बंद केलंस आणि भांडायचं तर कागदावर भांड, असा हुकूम काढलास. ठीक आहे. पण आज भांडायचं नाहीये. आज मला धक्का बसलाय. 

आमच्या दुरुस्तीच्या दुकानापासून दोन चौक सोडून एक केंद्र आहे. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तिथे तपासतात आणि कानात घालायची यंत्रं बसवून देतात. मालकीण डॉक्टरबाई, आणि त्यांच्या हाताखाली ती. ती म्हणजे तीच, जिच्याबद्दल मी वेड्यासारखं पानंच्या पानं लिहितो असं तू भावजींना वाचून दाखवतेस. मला कळलंय ते.

तिथले तीन कॉम्प्युटर जुने. जुने म्हणजे काय, खणखणीत चालतात! पण त्यांच्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, असं कंपनीनं जाहीर केलं. नवी सिस्टीम घालायला जावं तर पडद्यावर पाटी येते, की हे यंत्र पात्र नाही. का? तर प्रोसेसर जुना आणि कसलीशी चिप नाही. डॉक्टरबाई तिन्ही मोडीत काढायला निघाल्या होत्या. माझं डोकंच सटकलं. धडधाकट यंत्र भंगारात? मी त्यांना थांबवलं. पेनड्राइव्हवर सिस्टीम भरतानाच दोन-चार गोष्टी बदलल्या की ती पात्रतेची तपासणी होतच नाही. तू कोण, किती शिकलास, मधेच का सोडलंस, कोणी विचारत नाही. सरळ आत घेतात. (मला असा पेनड्राइव्ह कोणी लावला असता तर!)

बाहेरच्या काउंटरवरचे दोन झाले, मस्त पळतायत. तिसरा आतल्या खोलीत असतो. त्याला एक छोटी डबी वायरीनं जोडलेली आहे. पेशंटचं यंत्र त्या डबीला लावायचं आणि कॉम्प्युटरवरून त्याचा आवाज पेशंटच्या कानाला बेतायचा. हे काम तिचं. तो कॉम्प्युटर करताना तिला सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. आणि मला खात्री होती, ताई. मी बोलायला लागलो की ती हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे एकटक बघते. पापणी हलत नाही. कोणी कोणाकडे उगाच असं बघतं का?

तर काल जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी लावली, पेनड्राइव्ह घातला. ती खिडकीपाशी पाठमोरी बसून यंत्रांना लावायचे, कानाच्या मापाचे साचे ब्रशनं साफ करत होती. तिच्याकडे बघून बोलायची छाती झाली नाही, म्हणून मी पडद्याकडे बघत बोललो. सगळं बोललो. की कॉलेज सुटल्यावर वाटायचं, आपल्या हातून काहीच धड पुरं होत नाही. की ती भेटल्यापासून सकाळी उठावंसं वाटतं. की तिनं नाही म्हटलं तरी कॉम्प्युटर मी नीटच करून देईन. (हे शेवटचं का बोललो, देव जाणे.) पडद्यावर टक्के वाढत होते आणि मी बोलत होतो.

आणि ती? साचे घासत राहिली. मान वळवली नाही. खांदासुद्धा हलला नाही! सगळे टक्के भरले, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती उठली, पडद्याकडे बघितलं आणि छान हसून मला विचारलं की झालं का.

झालं का! ताई, मी आतडं काढून टेबलावर ठेवलं आणि तिनं विचारलं की झालं का. नाही म्हणायचं तर म्हण ना. शिव्या घाल. पण असं? मी बॅग उचलली आणि तडक निघालो. पेनड्राइव्हसुद्धा तिथेच राहिला. आता त्या रस्त्यानं मी जन्मात जाणार नाही.

भावजींना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तर बघ. माया आटली नसेल तर लगेच उत्तर धाड.

तुझा,
तोफखाना


ता. ८ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,
अ. उ. आ., आणि त्यातला एक जरा जोरात पाठीत.

पत्र भावजींना वाचून दाखवलं नाही. त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं, त्याला मी काय करू? ते दोन दिवस जेवता जेवता मधेच घास थांबवून मला विचारतायत की झालं का.

अरे शहाण्या, मुलीच्या पाठीला कोणी मागणी घालतं का? तीही कॉम्प्युटर बंद-चालू होत असताना? माणूस निदान समोर येतो, घसा खाकरतो. माझ्या शिवणकामाच्या दुकानात तू भिंतीकडे तोंड करून असं काही बोलला असतास, तर मला वाटलं असतं की फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलतोयस. ती कामात होती. कदाचित तिनं ऐकलंच नसेल. कदाचित ऐकलं असेल आणि बिचारी घाबरली असेल. तू मात्र विचारायला थांबला नाहीस. घरातून निघालास तेव्हाही असाच, कॉलेजातून निघालास तेव्हाही. तुला दार फार लवकर सापडतं.

आणि एक विचारू? रागारागात निघालास, पण ती डबी जोडून बघितलीस का? चालते का ती नव्या सिस्टीमवर? मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण कपडा शिवून झाला की घालून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला सोडत नाही. त्या डबीवर लोकांचे कान आहेत रे.

आई बरी आहे. त्या मुलीबद्दल तिला अजून काही सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं तू काही ठेवलेलं नाहीस. तापलास तेवढं पुरे, आता थंड हो आणि परत जा.

तुझ्यावर जीव असलेली, पण तुझ्यापायी तो टांगणीला लागलेली,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. बसून वाच. मी हे जमिनीवर बसून लिहितोय, खुर्चीत बसवत नाहीये.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी डॉक्टरबाईंचा दुकानात निरोप आला, की असशील तसा ये. गेलो. बाहेरची खोली गच्च भरलेली. म्हाताऱ्या, म्हातारे, एक बाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन. मी तिसरा कॉम्प्युटर केला त्या दिवसापासून एकाचंही यंत्र लावून झालेलं नव्हतं. नवी सिस्टीम त्या डबीला ओळखतच नाही! डबीची भाषा कॉम्प्युटरला समजावणारा जो ड्रायव्हर लागतो, तो फक्त जुन्या सिस्टीमपुरता बनलाय. नवा मिळेल का, हे कंपनीला विचारण्यातच त्यांचे इतके दिवस गेले. पात्रतेची तपासणी मी चुकवली, पण डबीला कोणी सांगायचं? डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की जोडून बघायला फार वेळ लागला नसता. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

माझे कान तापले. आणि तू ओळखतेस मला, चूक माझी असली की मी दुसऱ्यावर चढतो. आतल्या खोलीत गेलो. ती खिडकीपाशी पाठमोरी. मी दारातूनच विचारलं की त्याच दिवशी निरोप का पाठवला नाही. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडून म्हणालो की एवढा तिटकारा असेल तर तोंडावर सांगावं, भिंतीसारखं बसू नये. बाहेरचे लोकसुद्धा दचकले, ताई. ज्यांना धड ऐकू येत नाही, ते दचकले! आणि ती तिथे निवांत साचा पुसत बसलेली.

डॉक्टरबाई माझ्या शेजारून आत आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली. माझा चेहरा बघून गोंधळली. मग डॉक्टरबाईंकडे बघून तिनं केस कानामागे सारले. कान रिकामे.

तिला स्वतःला ऐकू येत नाही, ताई. लहानपणी ताप आला तेव्हापासून. ती यंत्रं घालते, केसांखाली मला कधी दिसली नाहीत. जुनी जोडी मी तिसरा कॉम्प्युटर करायला आलो त्याच्या आदल्या दिवशी बिघडली. नवी जोडी आली होती, पण कानाला बेतल्याशिवाय ती घालून उपयोग नाही. आणि बेतायचं कशावर? त्याच कॉम्प्युटरवर! माझं नवी सिस्टीम टाकून झालं की ती आधी पेशंटची आणि मग स्वतःची लावणार होती. म्हणून तिनं हसून विचारलं होतं की झालं का.

 इतके दिवस ती माझ्या तोंडाकडे एकटक बघायची ते ओठ वाचायला गं! मी त्याला काय समजत होतो! मी तिला सगळं सांगितलं आणि त्यातला एक शब्द तिच्यापर्यंत गेला नाही. वर मीच तिचे कान बंद करून ठेवले, आणि रुसून घरी बसलो.

धरणी दुभंगावी असं वाटतंय, पण मधूनच एक भलताच आनंदही होतोय. ती नाही म्हणालेलीच नाहीये! असा आनंद होणं नीचपणा आहे का? लवकर सांग. पाया पडतो.

तुझा नालायक,
तोफखाना


ता. १६ फेब्रुवारी

चि. यास,
आशीर्वाद. आज थट्टा नाही.

पत्र वाचून मी शिवण बाजूला ठेवलं ते ठेवलंच. भावजीही आता झालं का विचारत नाहीत. आनंद होणं नीचपणा नाही. पण दोन गोष्टी विचारते, उत्तर मला नको, स्वतःला दे. तिला ऐकू येत नाही हे कळल्यावर तुला तिची कीव आली का? आली असेल तर तिथेच थांब, पुढे एक पाऊल टाकू नकोस. कीव करणारे तिला आयुष्यात पुष्कळ भेटले असतील. आणि दुसरं, तुझं हे ओरडणं. जिच्याशी लहानपणापासून लोक फक्त मोठ्यानं बोलत आले, तिच्या घरात तू आणखी एक ओरडणारा म्हणून जाणार आहेस का?

दोन्हींची उत्तरं धड आली, तर आधी कॉम्प्युटर कर आणि मग बोल. समोर उभं राहून, उजेडात, सावकाश. मिशीवरून हात फिरवू नकोस, ओठ झाकले जातात.

आईला आज सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की मुलगी समजूतदार आहे ना. मी म्हटलं, ते तिच्या उत्तरावरून कळेल.

जीव मुठीत धरून वाट बघणारी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. मिशी काढून टाकली. भानगडच नको.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. कीव मला माझी आली. दुसऱ्याचं उत्तर देता देता दोन रात्री गेल्या. पुढे वाचून तूच ठरव.

कॉम्प्युटर झाला. कपाटातली जुनी डिस्क परत लावली, सगळं होतं तसं सुरू झालं. मात्र इंटरनेटची वायर कायमची काढून घेतली. अपडेट मिळत नसलेली सिस्टीम बाहेरच्या जगात सोडायची नाही, त्या सिस्टीमनं खोलीत बसून एवढं एकच काम करायचं. बाहेरचे दोन नव्या सिस्टीमवर आहेत, ते राहू देत. डबीवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी ती तीन वेळा काढून घालून बघितली. 

रांगेतली माणसं आधी घ्यायची आणि आपला नंबर शेवटी, असं तिनं ठरवलं होतं. म्हणजे तिचे कान अजून रिकामेच. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. ती पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा मी समोर जाऊन उभा राहिलो. खिडकीचा उजेड तोंडावर. पण खोली माणसांनी भरलेली, मोठ्यानं कसं बोलायचं? मग मला वाटलं की मी फार हुशार आहे. मी आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द. त्या दिवशी तिच्या पाठीला सांगितलं होतं ते सगळं.

ताई, ती खोली कोणाची होती? कमी ऐकणाऱ्यांची. सगळे आयुष्यभर ओठ वाचत आलेले! मी भर दुपारी लाउडस्पीकर लावल्यासारखं झालं. एका आजींच्या हातातली पिशवी खाली पडली. कोपऱ्यातल्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, तेही गल्लीत जाईल एवढ्या आवाजात, की हा कॉम्प्युटरवाला पोरगा मागणी घालतोय का. शेजाऱ्यानं तितक्याच मोठ्यानं सांगितलं की हो, आणि तो कॉलेजच्या भागापर्यंत आलाय. तान्ह्या मुलाची आई पदरात तोंड लपवून हसत होती. मग सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. ती लालबुंद. तिनं त्या आजोबांचाच नंबर पुकारला आणि त्यांना घेऊन आत गेली. जाताना आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती सांत्वनाची होती की शाबासकीची, कळलं नाही.

मी निघालो नाही. दार समोर होतं, पण निघालो नाही. हे मुद्दाम लिहितोय.

संध्याकाळी रांग संपली. डॉक्टरबाईंनी तिची नवी जोडी डबीला लावून तिच्या कानात बसवली. बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली, तर ती केवढी दचकली आणि मग हसली. त्यानंतर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली की मी ज्या पट्टीत ओरडतो त्यावरून तिला माझ्याच कानांची शंका येतेय, तर आधी माझी तपासणी होईल. मला ना करायची सोय नव्हती.

कान तपासायला तिथे कपाटाएवढी एक खोली आहे, जाड दाराची. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण देतात. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच. काचेपलीकडे ती बसलेली. बारीक बारीक आवाज येत गेले, मी दाबत गेलो. मग बराच वेळ काही नाही. आणि एकदम हेडफोनमधून तिचा आवाज, अगदी हळू. ती म्हणाली की तिचा होकार आहे, आणि यापुढे काही सांगायचं असेल तर आधी तिच्या समोर येऊन उभं राहायचं.

मी तसाच. बटणावरचा अंगठा दगड झाला होता. तिला वाटलं, मला ऐकूच आलं नाही. तिनं कपाळाला आठी घातली, आवाज वाढवला आणि तेच पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द.

तेव्हाही मी बटण दाबलं नाही. मला तिसऱ्यांदा ऐकायचं होतं.

आईला तूच सांग. माझ्यावरचा लोभ आता दोघांत वाटून दे.

तुझा,
तोफखाना